नसलेल्या माइकमधली हळद

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि वाचून हसते. लपवत नाही. वडाखालची पांढऱ्या साडीतली बाई, मागच्या सीटवरून गायब झालेला प्रवासी... अहो, मी विज्ञानाची शिक्षिका आहे. गोंदियाच्या एका हायस्कूलमध्ये दरवर्षी लिंबातून ‘रक्त’ काढून दाखवते आणि सुरीला आधी काय लावलं होतं तेही पोरांना लगेच सांगून टाकते. आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं तर मला मुद्दाम कळवत नाहीत, कारण मी दारात उभी राहिले की अंगातलं उतरतं असा माझा लौकिक आहे. तर अशी मी, आज तुमच्या रांगेत येऊन बसले आहे. यात भूत नाही हे आधीच सांगते. घाबरायला आला असाल तर निराश व्हाल.

आम्ही मुर्रीला राहतो. गोंदिया संपतं आणि धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सुरू होतात, तिथे आमचं घर. घरात मी आणि माझे यजमान दिवाकर. मुलगी मृणाल नागपूरला नोकरीला, तिचं लग्न उन्हाळ्यात ठरलेलं. तिचा कॉलेजातला लॅपटॉप माझ्याकडे आला होता. बिचारा इतका थकला होता की सकाळी चालू करून मी वरण कुकरला लावायचे, तीन शिट्ट्या झाल्या की तो जागा व्हायचा. त्यात स्क्रीनवर लिहून यायला लागलं की नवी विंडोज या मशीनवर चालणार नाही.

“भंगारवाल्याले दे,” दिवाकर म्हणाले. “कायले त्या डब्याच्या मांगं लागली?”

हे ऐकलं आणि मी मागे लागलेच. आमच्या संसाराचं हे सूत्र आहे.

नेटवर वाचलं की अशा म्हाताऱ्या लॅपटॉपवर लिनक्स छान चालतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — विंडोजच्या जागी टाकायची दुसरी सिस्टीम, फुकट मिळते, आणि बिघडली तर ज्याची त्याने दुरुस्त करायची. हे शेवटचं मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पेन ड्राइव्हवर ती उतरवून घेतली, लॅपटॉप सुरू होताना कुठलं बटण दाबायचं ते शोधलं, आणि एका रविवारी, देवाचं नाव न घेता, ‘इन्स्टॉल’ दाबलं. अर्ध्या तासात नवी कोरी स्क्रीन समोर! मला इतका आनंद झाला की मी शेजारणीला बोलावून दाखवलं. तिने पाहिलं आणि विचारलं, “यात सिरियल दिसते का?”

दिसणार कुठून? वाय-फाय लागत नव्हतं. वाय-फायचा ड्रायव्हर हवा, म्हणजे त्या भागाला सिस्टीमशी बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम. तो मिळणार इंटरनेटवर. आणि इंटरनेट मिळणार वाय-फाय लागल्यावर! पेटीला कुलूप आणि चावी पेटीत. शेवटी लिनक्सवाल्यांच्या एका ऑनलाइन फोरमवर कुणीतरी सुचवलं की मोबाइल केबलने जोडा आणि त्यातून नेट द्या. दिलं. मग काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायला लागले तर पासवर्ड उमटेचना. अक्षर नाही, ठिपका नाही... कीबोर्ड गेला म्हणून मी दोन संध्याकाळी हळहळले. नंतर कळलं, लिनक्समध्ये तो दिसतच नाही, न दिसता टाइप करायचा असतो. एकटीच इतकी हसले की दिवाकर स्वयंपाकघरातून बघून गेले.

वाय-फायच्या ड्रायव्हरने दोनदा दगा दिला म्हणून फोनची केबल तशीच लटकत राहिली. पण खरा हट्टी निघाला आवाज. सेटिंगमध्ये स्पीकरच्या जागी ‘डमी आउटपुट’ असं लिहून यायचं. म्हणजे स्पीकर आहे असं सोंग, आहे काही नाही. माइकचा रकाना रिकामा. कॅमेराही सापडत नव्हता. मी समजले, सगळ्यांचा ड्रायव्हर राहिला आहे, एकेक करून बसवू. वयाच्या या टप्प्यावर नवी विद्या शिकतेय याचंच मला कौतुक होतं.

हे सगळं चालू असताना कांताबाई आल्या.

कांताबाई म्हणजे दिवाकरांची मोठी बहीण, माझी नणंद, मृणालची फुफू. सौंदडला असतात. आम्ही पोवार समाजाचे. आमच्याकडे लग्नात हळद चढते ती गाण्यावर, आणि आमच्या घराण्यात नवरीच्या हळदीचं गाणं तिच्या फुफूने म्हणायचं असतं. कांताबाईंसारखं ते पंचक्रोशीत कुणी म्हणत नाही. दूरदूरची माणसं त्यांना बैलबंडी पाठवून न्यायची, अलीकडे मोटार. पण गेलं वर्षभर त्यांचा गळा दुखत होता. स्वरयंत्रावर गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ साधी आहे, जिवाला धोका नाही, पण ऑपरेशननंतर आवाज पहिल्यासारखा येईल याची खात्री नाही. गाण्याचं तर विसराच.

त्या दुपारी गाडीने त्या गोंदियाला उतरल्या, एका हातात चिन्नोर तांदळाची थैली, दुसऱ्या हातात लाखोळीची डाळ. दवाखान्यात जाताना कुणी डाळ-तांदूळ आणतं का? दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाकर त्यांना ऑपरेशनसाठी नागपूरला घेऊन जाणार होते. दिवाकर सामान आणायला बाजारात गेले, आम्ही दोघी जेवलो. हात धुऊन कांताबाई पुढच्या खोलीत बसल्या आणि म्हणाल्या, “सुमन, हळद भिजव.”

“कशाला बाई?”

“मृणालची हळद आत्ताच गातो मी. मांडवात आवाज असन का नसन, कोनाले माहीत. तू ते भरून ठेव तुझ्या डब्यात. मांडवात लावजो.”

मला एकदम भरून आलं. हळद भिजवली, ताट मांडलं, त्यात आंब्याची पानं ठेवली. बाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि मला दम दिला, “हे पाय, एकदाच गाईन. एका पोरीची हळद दोनदा चढत नाही. मंग म्हनशील, बाई पुन्हा म्हना, तं मी म्हननार नाही.”

मोबाइल लॅपटॉपला बांधलेला होता, त्यातून आवाजाचाच ड्रायव्हर उतरत होता. आधी दोनदा मध्येच तुटून पहिल्यापासून सुरू करावा लागला होता, तेव्हा केबल काढायला माझा हात धजेना. मी म्हटलं, लॅपटॉपमध्येच रेकॉर्ड करू. रेकॉर्डर उघडला, लाल बटण दाबलं, सेकंद पळायला लागले. सेकंद पळतायत म्हणजे रेकॉर्ड होतंय! माइकचा रकाना रिकामा आहे, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं. अस्सल नवशिक्याची चूक.

बाई गायल्या. दुखऱ्या गळ्याने, पण काय गायल्या. मी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. मांडव नाही, नवरी नाही, वाजंत्री नाही, पंख्याखाली दोन बायका आणि हळदीचं ताट... आणि माझ्या लेकीचं लग्न लागतंय असं वाटून मी रडत होते. गाणं संपलं तेव्हा बाईंनी बोटभर हळद माझ्या मनगटाला लावली, “हे पोरीच्या नावाची,” म्हणाल्या आणि आडव्या होऊन झोपून गेल्या.

मी बटण दाबून फाइल साठवली. ऐकून बघावं म्हणून चालवली तर अर्थातच शांतता, कारण स्पीकर ‘डमी’. मग नजर गेली माइकच्या रकान्याकडे. रिकामा.  सिस्टीमला जर माइकच माहीत नाही तर तिने भरून काय घेतलं असेल?

बाई घोरत होत्या. उठवून पुन्हा म्हणा म्हणायची हिंमत नव्हती. त्यांनी दिलेला दम गमतीचा नव्हता. त्या बाबतीत बाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. 

ऑपरेशन व्यवस्थित झालं. गाठ खरंच साधी होती, आम्ही सगळ्यांनी देवापुढे नारळ फोडला. हो, मीही. बाई बऱ्या झाल्या, जेवायला लागल्या, पण आवाज आला तो भात्यातून हवा निघावी तसा. कुजबूज म्हणा. त्यांनी स्वतः काही वाईट वाटून घेतलं नाही. “आयुष्यभर लय बोंबललो, आता आराम,” असं खुणेने आणि कुजबुजीने सांगायच्या. वाईट मला वाटत होतं. मृणाल फोनवर सगळ्यांना सांगायची, माझ्या हळदीला फुफूचंच गाणं आहे, आईने रेकॉर्ड केलंय! दिवाकरही म्हणायचे, एकदा ऐकव तरी. मी म्हणायचे, स्पीकर चालू झाला की ऐकवते. आणि रोज शाळेतून आले की त्या डब्यापुढे बसायचे. आता ती नवी विद्या वगैरे राहिली नव्हती. एकच गोष्ट जाणून घ्यायची होती — त्या फाइलमध्ये काही आहे की नाही.

फोरमवर एका भल्या माणसाने, कोण कुठला माहीत नाही, माझ्या मॉडेलच्या साउंड चिपसाठी कुठली फाइल लागते ते सांगितलं. ती उतरवली, आज्ञा न चुकता टाइप केली, लॅपटॉप बंद करून चालू केला. संध्याकाळी दिवे लागायची वेळ होती. सेटिंगमध्ये ‘डमी’ गेलं होतं आणि ‘स्पीकर’ आलं होतं. टिचकी मारली तर टिंग वाजलं. इतक्या खटपटीनंतरचं ते टिंग! ज्याने स्वतः बसवलंय त्यालाच त्याची गोडी कळेल.

माइकचा रकाना तसाच रिकामा.

मी दिवाकरांना हाक मारली. म्हटलं, जे असेल ते दोघं मिळून ऐकू. फाइल उघडली.

सुरुवातीला नुसती पंख्याची घरघर. मग बाईंचं खाकरणं. आणि मग त्यांचा आवाज, स्वच्छ, भरदार, खोलीभर. दिवाकर उभे होते ते खाली बसले. मला हसू की रडू कळेना. मी त्यांना इतके दिवस कसली भीती वाटत होती ते सांगितलं. ते म्हणाले, “पागल आहेस. भरलं तं भरलं. आता जेवायले वाढ.”

गोष्ट इथे संपली असती तर मी या सदरात आलेच नसते. फार तर म्हटलं असतं, सेटिंगमध्ये दिसत नव्हता पण माइक चालू होता. मीही तेच धरून चालले होते. पण मृणालशी व्हिडिओवर बोलायला माइक आणि कॅमेरा हवा होता. ते काही केल्या लागेनात. नाना ड्रायव्हर टाकून झाले. शेवटी हार मानून लॅपटॉप गोंदियाच्या बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला.

दुकानदार तोंडाचा फटकळ. लिनक्स बघून त्याने कपाळाला हात लावला. “मॅडम, ये किसने डाल दिया?”

“मैंने,” मी म्हटलं. जरा ताठ मानेनेच.

त्याने स्क्रीनभोवतीची काळी पट्टी पिनेने उचकली. आत बघितलं, पुन्हा बघितलं, आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. “ड्राइवर क्या करेगा मॅडम? इसमें माइक है ही नहीं. कॅमेरा भी नहीं. ये देखो, जगह खाली है.”

खरंच रिकामी जागा. वायर येते ती दुमडून चिकटपट्टीने बंद केलेली. मी तिथूनच मृणालला फोन लावला. ती म्हणाली, “हो गं, होस्टेलला असताना स्क्रीन फुटली होती, बदलून घेतली होती. तेव्हापासून कॅमेरा चालत नव्हता. मी इअरफोन लावायचे.”

म्हणजे जो भाग लॅपटॉपमध्ये नव्हताच त्याचा ड्रायव्हर मी कित्येक आठवडे शोधत होते! दुकानदार पोट धरून हसला, मीही हसले. मग मला ती फाइल आठवली आणि माझं हसू थांबलं. मी त्याला तिथेच चालवून दाखवली. तो ऐकत राहिला. बाईंचा आवाज दुकानाबाहेर जात होता, पलीकडचा पानवालाही मान वळवून बघायला लागला.

“मोबाइल से भरा होगा,” तो म्हणाला.

मोबाइल केबलला होता, नुसतं नेट देत होता. त्यात एकही रेकॉर्डिंग नाही, मी तपासलं होतं. दिवाकरांचा मोबाइल त्यांच्या खिशात बाजारात होता. इअरफोन घरात नव्हते. विज्ञानाच्या बाईला आणखी एक शंका येणारच — स्पीकर उलट्या बाजूने माइकसारखा काम करू शकतो, हे मी स्वतः वर्गात दाखवते. तेही त्याला विचारलं. तो म्हणाला, लॅपटॉपमध्ये तशी वाटच नसते. शिवाय त्या दिवशी सिस्टीमला स्पीकरचाही पत्ता नव्हता. तिच्या लेखी त्या मशीनला ना तोंड होतं ना कान.

घरी येऊन मी जे पोरांना शिकवते ते केलं. प्रयोग पुन्हा केला. आवाजाचा ड्रायव्हर काढून टाकला, ‘डमी’ परत आणलं, तोच रेकॉर्डर, तीच खोली, तीच दुपारची वेळ, तोच पंखा, मोबाइल तसाच केबलला. नववीचं पुस्तक घेऊन मोठ्याने वाचलं. मग ड्रायव्हर टाकून फाइल ऐकली. काही नाही. पंख्याची घरघरसुद्धा नाही. दिवाकरांना बसवलं, त्यांनी कधी नव्हे ती आरती म्हटली. काही नाही. हळदीचं ताटसुद्धा मांडून पाहिलं, आता तुमच्यापासून काय लपवू! फाइलमध्ये सरळ रेघ. जे सगळं त्या दिवशी होतं ते मी गोळा केलं होतं. बाईंचा आवाज तेवढा आणता येत नव्हता.

लग्न मुर्रीलाच झालं, घरामागच्या बांधीत मांडव घालून. हळदीच्या दिवशी लॅपटॉप मोठ्या स्पीकरला जोडला. माझी धाकधूक काही जात नव्हती, ऐनवेळी ‘डमी’ झाला तर? नाही झाला. मृणाल पाटावर बसली, कांताबाईंनी हळदीत हात बुडवला, मी बटण दाबलं.

हे गाणं एकीचं नसतं. म्हणणारी एक ओळ म्हणून थांबते आणि भोवतीच्या बायका तीच ओळ उचलून म्हणतात. बाई त्या दुपारी एकट्या गात होत्या तरी प्रत्येक ओळीनंतर तेवढ्या थांबल्या होत्या. आता त्या थांबलेल्या जागी मांडवातल्या बायकांनी ओळ उचलली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. सौंदडच्या बायका, आमच्या गल्लीतल्या बायका, सिरियलवाली शेजारीण... सगळ्या. आणि मी पाहिलं, कांताबाईंचे ओठही हलत होते. त्या मृणालच्या गालाला हळद लावत होत्या आणि बायकांमध्ये मिसळून, त्या भात्याच्या आवाजात, आपल्याच ओळीला साथ देत होत्या. मृणालने त्यांचा हात तसाच गालावर धरून ठेवला.

संध्याकाळी बायका पांगल्या. बाई माझ्याजवळ येऊन बसल्या, नखांतली हळद काढत. कुजबुजीत म्हणाल्या, “जनमभर पुढंच गायलो. मांगं म्हनाचं आज पह्यल्यांदा भेटलं. मजा आली सुमन.”

मी त्यांचा हात हातात घेतला. इतक्या सुखाच्या संध्याकाळी माझ्या आयुष्यात थोडक्याच असतील. मग त्यांनी विचारलं, “दिवाकर म्हने, त्या डब्याले माइकच नव्हता?”

“नव्हता बाई. दुकानदाराने उघडून दाखवलं.”

त्या घाबरल्या वगैरे नाहीत. हळदीच्या रिकाम्या ताटाकडे बघत म्हणाल्या,

“मंग त्या दुपारी आयकून कोन रायलं होतं?”